कोलिमाचा मातीचा कुत्रा: वाटाड्या, अन्न की आणखी काही?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका संग्रहालयात तुम्ही पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाचा लाल, गुबगुबीत मातीचा कुत्रा पाहिला. पाटीवर लिहिलं होतं, की हा कुत्रा मृताला परलोकाची वाट दाखवतो. तुम्हाला युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालत गेलेला कुत्रा आठवला. नंतर कुठेतरी वाचलं, की ही कुत्री खाण्यासाठी पोसत, म्हणून तर ती एवढी लठ्ठ. मग खरं काय? हा बिनकेसाच्या शोलो जातीचा कुत्रा का? आणि तिकडच्या भांड्यांवरच्या जग्वार, माकड, वटवाघूळ, बदक अशा प्राण्यांचे अर्थ सांगणारा एखादा तक्ता मिळेल का?

मी अमेरिका खंडातल्या प्राचीन मातीकामाच्या जतन-संवर्धनाचं काम करते. तुटलेलं जोडणं, जुन्या दुरुस्त्या शोधणं, पृष्ठभाग तपासून अहवाल लिहिणं, यात माझा दिवस जातो. त्यामुळे माझं उत्तर भांड्यापासून सुरू होतं, पुराणकथेपासून नाही. आधी निष्कर्ष सांगून टाकते: तो कुत्रा मृतांसाठी ठेवलेला होता हे जवळपास नक्की. तो वाट दाखवत होता, की शिदोरी म्हणून होता, हे आज कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पाटीवरचं वाक्य दुसऱ्या काळातून आणि दुसऱ्या प्रदेशातून उसनं आणलेलं आहे.

तुमच्या तिन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे, की प्राणी ओळखला म्हणजे अर्थ कळला. आमच्या कामात क्रम वेगळा असतो. आधी भांडं कुठे आणि कशाशेजारी सापडलं ते बघायचं, मग ते कशासाठी वापरलं, त्यानंतर प्राणी कोणता, आणि सगळ्यात शेवटी अर्थ. कोलिमाच्या कुत्र्यांच्या बाबतीत यातली पहिली पायरीच बहुतेक ठिकाणी हरवली आहे.

ती कशी हरवली ते सांगते. आजच्या कोलिमा, हालिस्को आणि नायारित या राज्यांत साधारण इ.स.पू. 300 ते इ.स. 300 या काळात लोक मृतांना खोल थडग्यांत ठेवत. तेपेताते नावाच्या घट्ट ज्वालामुखी मातीत विहिरीसारखा उभा खड्डा खणायचा आणि तळाशी आडव्या खोल्या कोरायच्या. त्या खोल्यांत मृतांबरोबर भांडी, शंख-शिंपले, माणसांच्या आणि प्राण्यांच्या पोकळ मूर्ती ठेवत. विसाव्या शतकात या मूर्तींना बाजार मिळाला. तिकडे त्यांना ‘मोनो’ म्हणतात आणि त्या उकरून विकणाऱ्यांना ‘मोनेरो’. थडगी रात्रीत रिकामी झाली. मूर्ती विकल्या गेल्या, हाडं आणि खापरं तिथेच विस्कटून टाकली गेली. दिएगो रिवेरासारख्या मोठ्या चित्रकारानेही या मूर्ती हौसेने जमवल्या. त्याचा संग्रह मेक्सिको सिटीतल्या अनाउआकायी संग्रहालयात आहे. जगभरच्या काचेच्या कपाटांत दिसणारे बहुतेक कोलिमा कुत्रे असेच वर आले. कोणत्या खोलीत होते, पुरुषाशेजारी होते की लहान मुलाशेजारी, एकटे होते की जोडीने, यातलं काहीच त्यांच्याबरोबर आलं नाही.

म्हणूनच हालिस्कोतल्या उइत्सिलापाचं महत्त्व इतकं मोठं. तिथे 1993 साली लोरेन्सा लोपेस मेस्तास आणि होर्हे रामोस या पुरातत्त्वज्ञांना न फोडलेलं थडगं मिळालं. सुमारे साडेसात मीटर खोल खड्डा, तळाशी दोन खोल्या, त्यांत सहा माणसं. हाडांतल्या जन्मजात व्यंगांवरून त्यातली काही जणं एकाच कुटुंबातली असावीत असं दिसलं. कुणाशेजारी काय ठेवलं होतं, हे पहिल्यांदाच नीट नोंदवता आलं. अशा एका थडग्यातून जेवढं कळतं तेवढं कपाटांतल्या शेकडो सुट्या मूर्तींतून कळत नाही, आणि हे दुःख आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आहे.

आता पाटीवरचं वाक्य. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साआगून या स्पॅनिश पाद्र्याने नाहुआ, म्हणजे अझ्टेकांची भाषा बोलणाऱ्या, जाणकारांच्या मदतीने मध्य मेक्सिकोतल्या अझ्टेक समाजाची प्रचंड माहिती लिहून घेतली. त्यात मृत्यूनंतरच्या प्रवासाचं वर्णन येतं. मृताबरोबर एक कुत्रा देत, त्याच्या गळ्यात सुती दोरा सैलसा बांधत. मृतांच्या प्रदेशाकडे जाताना मोठी नदी लागते, ती या कुत्र्याच्या मदतीने ओलांडायची. पांढरा कुत्रा म्हणतो, मी आत्ताच अंग धुतलंय. काळा म्हणतो, माझं अंग आत्ताच काळं झालंय. पलीकडे नेतो तो फक्त पिवळा. फार सुंदर मजकूर आहे हा, आणि अझ्टेकांविषयी बोलताना तो पहिल्या दर्जाचा पुरावा आहे.

पण कोलिमाचे कुत्रे त्याच्या आधी किमान बाराशे वर्षं घडले, आणि अझ्टेक राजधानीपासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला. म्हणजे पैठणला सापडलेल्या सातवाहनकालीन मातीच्या मूर्तीचा अर्थ एकनाथांच्या भारुडावरून लावण्यासारखं झालं. तिथे निदान गाव तरी एकच आहे. श्रद्धा एवढा काळ टिकूच शकत नाही असं मी म्हणत नाही. टिकल्याची उदाहरणं आहेत. पण ती टिकली हे मधल्या काळातल्या पुराव्यांनी दाखवावं लागतं, आणि पश्चिम मेक्सिकोत लेखनच नसल्यामुळे हे मधले दुवे फार विरळ आहेत. तुम्हाला युधिष्ठिर आठवला हे साहजिक आहे. ऋग्वेदातही यमाच्या वाटेवर दोन कुत्रे आहेत. कुत्रा आणि मृत्यू यांची सांगड जगात बऱ्याच ठिकाणी घातली गेली, त्यामुळे वाटाड्याची गोष्ट आपल्याला ऐकताक्षणीच पटते. जी गोष्ट इतक्या सहज पटते तिचा पुरावा मी दोनदा मागते.

‘खाण्यासाठी’ हा पक्षही तपासून बघू. घोडा, गाय, मेंढी असलं काहीच तिकडे नव्हतं. पाळीव प्राण्यांत मुख्य दोनच, कुत्रा आणि टर्की. कुत्र्याचं मांस खाल्लं जाई, यात शंका नाही. सान लोरेन्सोसारख्या कितीतरी जुन्या ओल्मेक वस्तीतही (ओल्मेक म्हणजे मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरची प्राचीन संस्कृती) कुत्र्यांची हाडं इतर अन्नाच्या उरलेल्या हाडांबरोबर मिळतात. सोळाव्या शतकात दिएगो दुरान या पाद्र्याने आकोल्मानच्या बाजारात चारशेहून अधिक कुत्री विक्रीला बांधलेली पाहिल्याचं लिहून ठेवलंय. पण दुरानही साआगूनच्याच काळातला आणि त्याच प्रदेशातला. म्हणजे ‘वाटाड्या’ म्हणणारा आणि ‘अन्न’ म्हणणारा, दोघेही एकाच दुकानातून उधारी करतायत. शिवाय मूर्तींतले सगळे कुत्रे लठ्ठ आणि शांत नसतात. काही अंगाचं मुटकुळं करून झोपलेत, काही दात विचकतायत. दोन कुत्रे समोरासमोर उभे राहून नाचल्यासारखे दिसतात. काहींच्या तोंडात मक्याचं कणीस असतं. आणि एका प्रकारात कुत्र्याने चक्क माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा घातलेला असतो. कणीस खाऊन लठ्ठ होणारा कुत्रा अन्नाच्या बाजूने साक्ष देतो असं धरलं, तरी मुखवट्याचा खुलासा त्यातून होत नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोलिमाच्या कुंभारांनी फक्त कुत्रे केले नाहीत. पोपट, बदकं, कासवं, साप, खेकडे, आर्माडिलो हेही त्याच लाल मातीत, त्याच निगुतीने केलेत. भोपळ्याच्या आकाराच्या भांड्याला तीन पोपटांचे पाय, हा तर त्यांचा आवडता नमुना. कुत्रा वाटाड्या असेल तर खेकड्याचं काम काय होतं? थडग्यातल्या सगळ्या प्राण्यांना लागू पडेल असं स्पष्टीकरण शोधलं, तर जेवणखाण, पाणवठे, शेतातलं पीक, एकूण भरलेलं जग मृतांबरोबर देणं, ही शक्यता मला जास्त मोकळी आणि जास्त प्रामाणिक वाटते. हे माझं मत. यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मानववंशशास्त्रज्ञ पीटर फर्स्ट यांनी साठच्या दशकात या मूर्तींकडे शमनविद्येच्या, म्हणजे आत्म्यांशी संपर्क साधणाऱ्या वैदू-पुजाऱ्यांच्या विद्येच्या, अंगाने पाहिलं, आणि त्या वाचनाचा प्रभाव आजही पाट्यांवर दिसतो.

आता कुत्रा हातात घेऊन बघू, कारण इथे पुरावा प्रत्यक्ष आहे. या कुंभारांकडे चाक नव्हतं आणि काचेसारखी चकाकी देणारी झिलईही नव्हती. अंग पोकळ, भिंत पातळ, हाताने घडवलेलं. तोटीतून बारीक दिवा आत सोडला की बोटांचे ठसे आणि पाय जिथे पोटाला जोडले तिथली माती दाबल्याच्या खुणा दिसतात. बाहेरून लाल मातीचा पातळ लेप, आणि तो अर्धवट सुकल्यावर गुळगुळीत दगडाने घोटलेला. उजेड तिरपा धरला की घोटाईचे अरुंद पट्टे उठून दिसतात. पाठीवर लांबलचक हात फिरलाय, पायांभोवती आणि कानांमागे आखूड आखूड. भाजताना जिथे जळण टेकलं तिथे काळपट ढग उमटलेत. या सगळ्यावर विखुरलेले काळे ठिपके असतात, ते मँगनीजचे. थडग्याच्या ओलसर हवेत शतकानुशतकं पडून राहिल्याने ते पृष्ठभागावर साचतात. भिंगाखाली बघितलं तर खरा ठिपका फांद्या फुटल्यासारखा पसरतो आणि छिद्रांत रुतलेला असतो. रंगवलेला ठिपका वरच बसतो.

रॉबर्ट पिकरिंग या मानववंशशास्त्रज्ञाने याहून विलक्षण गोष्ट दाखवली. अशा काही मूर्तींवर माश्यांच्या कोशांचे अवशेष आणि ठसे चिकटलेले आढळतात. मृतदेहावर वाढलेल्या अळ्या कोश करायला शेजारच्या कोरड्या पृष्ठभागावर चढतात. म्हणजे ही वस्तू खरोखर प्रेताजवळ, बंद खोलीत होती. मी वर ‘मृतांसाठी ठेवलेला होता हे जवळपास नक्की’ म्हटलं, ते थडग्यांच्या नोंदींबरोबरच अशा खुणांच्या जोरावर. अतिउत्साहाने घासून पुसून चकचकीत केलेल्या मूर्तीवरून हा पुरावा कायमचा निघून जातो.

तोटीचंही असंच. पोकळ मूर्ती भाजताना आतली हवा आणि वाफ बाहेर जायला भोक लागतंच, नाहीतर ती भट्टीत फुटते. त्यासाठी पेन्सिल जाईल एवढं छिद्र पुरतं. कोलिमाच्या कितीतरी कुत्र्यांना मात्र डोक्यावर, पाठीवर किंवा शेपटीच्या जागी रुंद, बाहेर उमललेली तोटी असते. भरायला आणि ओतायला सोयीची. तिच्या काठावर झीज असेल, तर ते भांडं पुरण्याआधी वापरात होतं. काठ कोरा असेल, तर कदाचित थेट थडग्यासाठीच केलेलं. हे प्रत्येक वस्तूगणिक वेगळं निघतं, म्हणून सगळ्या कुत्र्यांबद्दल एकच विधान करणं मी टाळते.

शोलोबद्दल लोक म्हणतात, अंग बघा किती तुळतुळीत, म्हणजे बिनकेसाचाच. पण ती तुळतुळी घोटाईची आहे. त्याच परंपरेतला पोपटही तितकाच तुळतुळीत असतो, आणि पोपटाला पिसं नव्हती असं आपण म्हणत नाही. चेहऱ्यावर किंवा मानेवर मुद्दाम कोरलेल्या सुरकुत्या असतील, तर बिनकेसाच्या कुत्र्याचा विचार करायला जागा आहे. नुसत्या गुळगुळीतपणावरून नाही.

इथपर्यंतचा भाग लेखन नसलेल्या समाजाचा झाला. तक्ता का मिळत नाही हे कळायला आता लेखन असलेल्यांकडे, म्हणजे ग्वाटेमाला आणि आसपासच्या प्रदेशातल्या प्राचीन माया लोकांकडे जाऊ.

ग्वाटेमालात आल्तार दे साक्रिफिसिओस या ठिकाणी एका दफनात एक रंगीत उभं भांडं मिळालं. त्यावरची तारीख इ.स. 754 ची. जग्वारच्या कातड्याचा पोशाख घातलेला एक जण नाचतोय, दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या हातात मोठा साप आहे, आणखी काही विचित्र आकृत्या आहेत. उत्खनन करणाऱ्यांचा तर्क असा, की वेगवेगळ्या नगरांचे सरदार एका प्रतिष्ठित स्त्रीच्या अंत्यविधीला जमलेत आणि हे त्यांचं नृत्य आहे. दृश्याशी जुळणारा, समंजस तर्क. मग 1989 मध्ये माया लिपीचे अभ्यासक स्टीफन ह्यूस्टन आणि डेव्हिड स्टुअर्ट यांनी, आणि स्वतंत्रपणे निकोलाई ग्रूबे यांनी, अशा आकृत्यांशेजारी वारंवार येणारं एक चिन्ह वाचलं. अर्धा चेहरा जग्वारच्या कातड्याने झाकलेलं ते चिन्ह ‘वाय्’ असं वाचलं गेलं. वाय् म्हणजे एखाद्या माणसाशी किंवा राजघराण्याशी जोडलेलं, झोपेत-स्वप्नात वावरणारं दुसरं रूप. शेजारचा मजकूर त्या रूपाचं नाव सांगतो आणि ते कोणत्या राज्याच्या स्वामीचं आहे तेही सांगतो. पाहुणे सरदार एकदम नाहीसे झाले, त्या जागी अमानवी सोबती आले. काही अभ्यासक तर त्यांना रोग आणि करणीची मूर्त रूपं मानतात. चित्रात एक रेषही बदललेली नव्हती. दोन-चार चिन्हं वाचता आली एवढंच.

ज्यांच्याकडे मजकूर होता त्यांच्याबाबतीत इतका फरक पडला, तर मजकूर नसलेल्या कोलिमाच्या कुत्र्याबद्दल आपण किती बेताने बोललं पाहिजे, हे मी नव्या सहकाऱ्यांना याच भांड्यावरून सांगते.

माया भांड्यांवरचे प्राणी एकाच कामाला जुंपलेलेही नसतात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या प्रसिद्ध भांड्यावर एक ससा जग्वारच्या कातड्यात बांधलेल्या पोथीत लिहीत बसलाय. तिथे तो गोष्टीतलं पात्र आहे. दुसऱ्या भांड्यांवर माकडं लेखणी घेऊन बसतात, कारण लेखन-चित्रकलेचे आश्रयदाते माकडरूप होते आणि त्यांची आठवण पुढे ‘पोपोल वुह’ या माया पुराणकथांच्या ग्रंथातही टिकली. आणि ग्वाटेमालातल्या रिओ असूल इथल्या 1984 च्या उत्खननात झाकण फिरवून बसवायचं जे भांडं मिळालं, त्यावरच्या एका चिन्हात मासा आहे. तिथे तो मासा नुसतं अक्षर आहे, ‘का’. पूर्ण शब्द ‘काकाव’, म्हणजे कोको. स्टुअर्ट यांनी तो वाचला आणि हर्शी कंपनीच्या प्रयोगशाळेत भांड्याच्या आतल्या अवशेषांत कोकोचे घटक सापडले. म्हणून आम्ही भांड्याचा आतला भाग तपासणीआधी कधीच धूत नाही.

कधीकधी तर प्राणी कोणता हेच ठरत नाही. ओल्मेकांच्या वाकड्या, खाली वळलेल्या ओठांच्या आकृत्यांना कित्येक दशकं ‘जग्वार-माणूस’ म्हणत आले. पुढे फर्स्ट यांनी त्यात बेडूक पाहिला, इतरांनी मगर पाहिली. हे प्राणी बऱ्याचदा एकत्र गुंफलेले असतात. मगरीचं अंग, पक्ष्याची नखं, शार्कचा दात. असल्या आकृतीला एकाच प्राण्याचं नाव दिलं, की पुढचं सगळं वाचन त्या नावामागे फरफटत जातं. वटवाघूळ त्यामानाने सोपं. दक्षिण मेक्सिकोतल्या सापोतेक लोकांच्या मोन्ते आल्बान या प्राचीन नगरातून वटवाघळाच्या पंजाच्या आकाराचे पेले मिळालेत. नखं इतकी नेमकी, की ओळखण्यात घोळ होत नाही. अर्थाचा प्रश्न तिथेही उघडाच राहतो.

बनावट वस्तूंनी या सगळ्यात भर घातलीय. वेराक्रुझचा ब्रिहिदो लारा हा कुंभार 1974 मध्ये प्राचीन वस्तू लुटल्याच्या आरोपाखाली तुरुंगात गेला. त्या आपणच घडवल्या, हे पटवायला त्याने कोठडीत माती मागवून तशाच मूर्ती करून दाखवल्या. तो सुटला, पण तोवर त्याच्या हातच्या मूर्ती अस्सल म्हणून संग्रहांत पोचल्या होत्या. कल्पना करा, की एखाद्या प्राण्याचा ‘अर्थ’ अशाच मूर्तीवरून ठरला आणि पुढे पाठ्यपुस्तकात गेला. म्हणून कपाटातला सर्वांत सुबक, सर्वांत बोलका प्राणी दिसला, की मी आधी त्याची नोंद उघडते. कधी आला, कुणाकडून आला, उत्खननातून की बाजारातून.

तेव्हा तक्ता मी देणार नाही, कारण जो देईन तो खोटा असेल. त्याऐवजी पुढच्या वेळी त्या कुत्र्यासमोर उभे राहाल तेव्हा पाटीवरचं मूळ ठिकाण वाचा. नुसतं ‘कोलिमा’ असेल, थडग्याचं किंवा गावाचं नाव नसेल, तर तो बहुधा बाजारातून आलाय, आणि पुढचं वाक्य तेवढ्याच वजनाने घ्या. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वस्तूचा क्रमांक टाकलात तर ती कधी आणि कुणाकडून आली हे बऱ्याचदा मिळतं. ‘परलोकाचा वाटाड्या’ हे कशाच्या आधाराने लिहिलं, असं ई-मेलवर विचारायलाही हरकत नाही. अशा पत्रांमुळे पाट्या बदलल्याचं मी पाहिलंय. माया भांड्यांची आवड लागली, तर जस्टिन केर यांनी भांडं फिरवत घेतलेले सलग उलगडलेले फोटो ऑनलाइन बघा. प्राण्याशेजारी चिन्हं आहेत का, हे त्यांत स्पष्ट दिसतं.

आणि तुम्ही काढलेल्या फोटोंत त्या कुत्र्याच्या तोटीचा काठ जवळून आला असेल, तर इथे जोडा. झीज दिसतेय का ते बघून सांगते.